प्लग काय सांगतो

(नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



या वर्तमानपत्रावर मी मोटारसायकलचे तीन जुने प्लग मांडून ठेवलेत. एक काळा, एक पांढरा आणि एक मारी बिस्किटाच्या रंगाचा. आज मी यांच्याबद्दलच बोलणार आहे. 'स्त्रियांच्या शिबिरात गाडीचा प्लग कशाला?' असं कुणाच्या मनात आलं असेल. पण आपल्यातल्या किती जणी गाडीवर आल्यात ते बाहेर जाऊन मोजा. बचत गटाच्या बैठका, आशाताईंच्या घरभेटी, कोर्टाच्या तारखा, सगळं आता दुचाकीवर चालतं. गाडी चालवायला आपण शिकलो. ती बंद पडली की मात्र अजून कुणा भाऊला, दादाला फोन लावतो.

माझाच अनुभव सांगते. लोहा-कंधार भागात मी जुनी शंभर सी.सी.ची मोटारसायकल वापरायची. एका दिवाळीनंतर ती काळा धूर टाकायला लागली. लिटरला साठ किलोमीटर जाणारी गाडी चाळिशीवर आली. एका गॅरेजात नेली. मिस्त्रींनी किक मारली, धूर पाहिला आणि माझ्याबरोबर आलेल्या पुतण्याला सांगितलं, "पिस्टन गेलाय. बोअर करावं लागेल. पाच हजार धर." गाडी माझी, पैसे माझे, आणि बोलणं चाललंय अकरावीतल्या पोराशी! मी म्हटलं, "प्लग काढून दाखवता का?" ते हसले. म्हणाले, "ताई, तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

मला तेव्हा थोडंच कळत होतं. पण ते थोडंसुद्धा कामाला आलं. त्याआधी तुम्हाला एक विचारते. गॅसची ज्योत पिवळी व्हायला लागली, पातेल्याचं बूड काळं पडायला लागलं, तर तुम्ही काय करता? शेगडी बदलता का? नाही. बर्नर साफ करता. हवेची वाट बुजलीय, म्हणून गॅस नीट जळत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. चुलीत लाकडं दाटून कोंबली की धूर होतो, हे तर आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. इंजिनात वेगळं काही नाही. पेट्रोल जळायला हवा लागते. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण पावणेपंधरा भाग हवा. जुन्या गाडीत हे प्रमाण कार्बोरेटर राखतो. गॅरेजात त्यालाच 'मिक्श्चर' म्हणतात. पेट्रोल जास्त झालं तर मिक्श्चर जड, हवा जास्त झाली तर हलकं.

आता प्लग बघा. त्याच्या टोकाला मधल्या तारेभोवती चिनी मातीचा पांढरा भाग असतो. वाचायचा तो. हा बिस्किटी रंगाचा प्लग म्हणजे प्रमाण बरोबर. हा दुसरा काळा, कोरडा, बोट लावलं तर काजळीसारखा सुटणारा. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. सोबत काळा धूर, पेट्रोलचा वास आणि कमी झालेलं अॅव्हरेज. चोक ओढला की गाडी आणखी बिघडते. आणि हा तिसरा, पांढराफटक. हवा जास्त, पेट्रोल कमी. अशी गाडी तापते, थंडीत लवकर सुरू होत नाही, रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटफट फुटते, आणि चोक थोडा ओढला की उलट बरी चालते.

चौथी खूण लक्षात ठेवा, कारण फसवणूक तिथेच होते. प्लग काळा पण ओला, तेलकट असेल आणि धूर निळसर असेल, तर इंजिनातलं ऑइल जळतंय. ते काम रिंग-पिस्टनचं किंवा व्हॉल्व्हच्या सीलचं असू शकतं. काळा धूर आणि निळा धूर यांतला फरक ओळखला तर पाच हजार वाचू शकतात.

माझे वाचले. मी गाडी ढकलत घरी आणली आणि प्लग पान्याने प्लग काढला. काजळी कोरडी होती. ऑइलची पातळी जिथल्या तिथे. मग एअर फिल्टर उघडला. ते दिवस सोयाबीनच्या मळणीचे होते, सगळ्या रस्त्याने भुसा आणि धूळ उडत होती. फिल्टर भुशाने आणि मातीने गच्च भरलेला! गाडी महिनाभर नाक दाबून पळत होती. नवा फिल्टर दीडशे-दोनशे रुपयांना आला. धूर गेला, अॅव्हरेज परत आलं. फिल्टर न बदलता पिस्टन बदलला असता, तर पैसेही गेले असते आणि नव्या पिस्टनवरही काजळीच बसली असती.

सगळेच मिस्त्री फसवतात असं मी म्हणत नाही. मला प्लग वाचायला शिकवला तोही एक मिस्त्रीच. पण ज्याला प्रश्न विचारला जात नाही, तो अंदाजाने सांगतो. आणि बाईने प्रश्न विचारायचाच नसतो, हे गॅरेजातही ठरलेलं असतं आणि घरातही.

हलकं मिक्श्चर तर जास्त घातक. लातूरच्या एका मैत्रिणीची गाडी तापायची, फटफटायची. सगळे म्हणाले, बाई रेस नीट देत नाही. प्लग काढला तर पांढरा. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर गेली होती, तिथून चोरून हवा आत जात होती. गाडी संथ चालू ठेवून त्या जोडावर थोडं पाणी टाकलं आणि इंजिनाचा आवाज बदलला. तिथेच दोष पकडला. ती तशीच पळवत राहिली असती तर जास्तीच्या उष्णतेने पिस्टन खराब झाला असता. तोवर दोष मात्र तिच्या चालवण्याला लागत होता.

आता प्लग कसा वाचायचा ते सांगते. गाडी पाच-सहा किलोमीटर एका वेगाने चालवा. मोकळा, सपाट रस्ता बघून क्लच दाबा, इंजिन बंद करा आणि कडेला घ्या. उभ्या गाडीवर इंजिन बराच वेळ चालू राहिलं तर चांगला प्लगही काळा दिसतो. इंजिन निवू द्या. हात भाजतोच, शिवाय गरम असताना काढताना आटे खराब होतात. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून, पुसून घ्या, नाहीतर ती आत पडेल. परत बसवताना पहिले आटे बोटांनी फिरवा, पाना शेवटी. आणि एकाच खुणेवरून निकाल देऊ नका. ठिणगी कमजोर असली तरी प्लग काळा पडतो. प्लगचा रंग, धूर आणि चोकची परीक्षा, तिन्ही जुळलं की मग बोला. एक काळजी घ्या, बंद खोलीत किंवा शेडमध्ये गाडी चालू ठेवू नका. जड मिक्श्चरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड फार असतो. त्याला वास नसतो, आणि तो जीव घेतो.

नव्या गाड्यांचं काय? १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ चे नियम आले आणि नव्या दुचाकींत कार्बोरेटरच्या जागी बहुतेक इंजेक्शन आलं. तिथे पेट्रोलचं प्रमाण संगणक ठरवतो, फिरवायला स्क्रू नसतो. इंजिन सुरू झाल्यावरही मीटरवरचा इंजिनाचा दिवा विझला नाही, तर दोष आहे असं समजायचं. पण फिल्टर तिथेही बुजतो आणि प्लग तिथेही बोलतो. जुन्या गाड्यांना आणखी एक गोष्ट लागू होते. २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचं मिक्श्चर थोडं हलकं होतं. म्हणून प्लग अधूनमधून बघत चला. यातलं काही इथेनॉल उसातून येतं, आणि तो ऊस तोडायला आपल्याच मराठवाड्यातल्या बाया कोयता घेऊन जातात, हेही विसरू नका.

यंत्र हे बाईचं काम नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला बिअॅट्रिस शिलिंगची गोष्ट सांगा. ही ब्रिटनमधली इंजिनियर मोटारसायकलच्या शर्यती जिंकायची. १९३४ साली तिने तासाला शंभर मैलांच्या वर गाडी पळवली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांनी एकदम खाली सूर मारला की इंजिन बंद पडायचं, कारण कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जास्त व्हायचं. म्हणजे जड मिक्श्चरच! १९४१ साली शिलिंगने पेट्रोलच्या वाटेत बसवायची, भोक पाडलेली एक छोटी पितळी टोपी तयार केली. पेट्रोल बेताने जायला लागलं आणि वैमानिकांचा मोठा धोका टळला.

इतकं लांब जायलाही नको. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. नंतरच्या घरदुरुस्तीच्या कामात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या शेकडो गावांमध्ये महिला मंडळांच्या बाया 'संवाद सहायक' झाल्या. भूकंपात टिकेल असं घर कसं बांधायचं हे त्या शिकल्या आणि गावाला सांगू लागल्या. गवंड्याचं ज्ञान बाईला कळतं, तर मिस्त्रीचं का कळू नये?

आपण प्रत्येकीने मिस्त्री व्हावं असं माझं म्हणणं नाही. व्हायचं असेल तर जरूर व्हा. पण गॅरेजात गेल्यावर "प्लग काढून दाखवा" एवढं म्हणता यायला हवं, आणि दाखवल्यावर तो वाचता यायला हवा. दवाखान्यात रिपोर्ट मागतो, तलाठ्याकडे सातबारा मागतो, तसंच हे.

बाहेर माझी गाडी उभी आहे. प्लग पाना डिकीत आहे. आता चहा घेऊ, तोवर इंजिन निवेल. मग प्लग तुम्ही काढायचा, मी नुसती बघणार.