घरातल्या एकाला शिक्षा झाली आहे, अर्जात लिहायचं का?

(युवक-युवतींच्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला नोकरीच्या तयारीवर बोलायला सांगितलंय. बायोडाटा कसा लिहावा, मुलाखतीत काय बोलावं, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी एका वेगळ्याच प्रश्नावर बोलणार आहे. हा प्रश्न सभेत कोणी विचारत नाही. कार्यक्रम संपला की जिन्यात गाठून, आवाज खाली करून विचारतात : "भाई, आमच्या घरातल्या एकाला शिक्षा झालीय. फॉर्ममध्ये सांगावं लागेल का?"

कधी तो भाऊ असतो, कधी अब्बा, कधी मामू. विचारणाऱ्याने बऱ्याचदा मनातल्या मनात निकाल लावून टाकलेला असतो : आपल्याला कोण घेणार, फॉर्म भरून काय फायदा! मला काळजी वाटते ती याच गोष्टीची. कंपनीने नाकारण्याआधीच आपली मुलं स्वतःला नाकारतात.

हा प्रश्न मला पुस्तकातून कळलेला नाही. माझ्या थोरल्या भावाला बाजारातल्या मारामारीत एकाला गंभीर जखमी केल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा त्याने केला होता, आणि घरात आम्ही ते कधी नाकारलं नाही. त्याने शिक्षा भोगली. आज तो वेल्डिंगचं काम करतो, आणि अम्मीच्या दवाखान्याचा निम्मा खर्च तोच उचलतो.

काही वर्षांनी मी पुण्यात नोकरी बदलत होतो. नव्या कंपनीने माझी पडताळणी एका एजन्सीकडे दिली. शिक्षण, जुनी नोकरी, पत्ता, सगळ्यांपुढे हिरवा रंग. 'न्यायालयीन नोंदी' या रकान्यापुढे मात्र पिवळा. कारण आडनाव तेच, वडिलांचं नाव तेच, घराचा पत्ताही तोच. जुन्या नोकरीचा शेवटचा दिवस होऊन गेला होता आणि नवीन ठिकाणी रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली गेली. एकोणीस दिवस मी दोन्हीकडचा नव्हतो आणि घराचा हप्ता चालू होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे कसं घडतं ते सांगतो. जिल्हा न्यायालयांच्या नोंदी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने कुणालाही शोधता येतात. पडताळणी करणारे अशा सार्वजनिक नोंदींमध्ये नाव, वडिलांचं नाव आणि पत्ता जुळवून पाहतात. संगणक माणूस ओळखत नाही, तो फक्त अक्षरं जुळवतो. आणि आपली नावं बघा. उर्दूतलं नाव ठाण्यात मराठीत लिहिलं जातं, मग कुठेतरी इंग्रजीत चढतं. एकाच माणसाचा कुठे 'मोहम्मद' होतो, कुठे 'मुहम्मद', कुठे नुसतं 'एमडी'. 'शेख' आधी की नंतर, याचाही नेम नाही. म्हणून जुळवणी सैल ठेवतात, आणि सैल जाळ्यात भलतेच मासे येतात. तिथे सख्ख्या भावाचं नाव येणं तर सहज शक्य आहे. पिवळ्या रंगाचा अर्थ 'हा गुन्हेगार आहे' असा नसतो. 'माणसाने एकदा बघून घ्या' एवढाच असतो. ते बघायला लावणं आपल्या हातात आहे.

आता मूळ प्रश्न. सांगायचं का? माझं उत्तर : आधी फॉर्ममधला प्रश्न शब्द न् शब्द वाचा. जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या. जे विचारलेलं नाही ते सांगण्याची सक्ती तुमच्यावर नाही.

खासगी कंपन्यांच्या फॉर्ममध्ये साधारणपणे प्रश्न असतो तो तुमच्याबद्दल : तुम्हाला शिक्षा झाली आहे का, तुमच्यावर खटला चालू आहे का. इथे 'तुम्ही' म्हणजे तुम्हीच, तुमचं खानदान नव्हे. भावाला शिक्षा झाली असताना तुम्ही 'नाही' लिहिलंत तर ते खोटं नाही, ते खरंच उत्तर आहे. काही ठिकाणी 'तुमचा कोणी नातेवाईक इथे काम करतो का' असं विचारतात. तो हितसंबंधांचा प्रश्न आहे, गुन्ह्याचा नव्हे. दोन्हींची गल्लत करू नका.

सरकारी नोकरीत साक्षांकन नमुना भरावा लागतो. त्यात अटक, खटला, शिक्षा याबद्दल उमेदवाराला नेमके प्रश्न असतात. आई-वडील आणि इतरांची माहितीही मागतात, पण ती बहुतेक नाव, पत्ता, व्यवसाय, राष्ट्रीयत्व अशी असते. एखाद्या फॉर्मने कुटुंबीयांवरच्या गुन्ह्यांबद्दल स्पष्ट विचारलं असेल, तर तिथे खरं लिहा. दोन ओळींत लिहा : नातं, खटला, निकाल. कहाणी नको, सफाईही नको.

या बाबतीत एक निकाल लक्षात ठेवा. 'अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार', सर्वोच्च न्यायालय, 2016, तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ. प्रश्न होता उमेदवाराने स्वतःबद्दलची माहिती लपवण्याचा. न्यायालयाने सांगितलं की दिलेली माहिती खरी असली पाहिजे, लपवाछपवीमुळे नोकरी जाऊ शकते. पण त्याच निकालात हेही आहे की फॉर्ममधला प्रश्न नेमका हवा, मोघम नको. आणि जी माहिती विचारलीच नव्हती ती दडवली म्हणून कारवाई करता येत नाही. स्वतःच्या खटल्याबद्दल हा नियम असेल, तर भावाच्या खटल्याबद्दल न विचारता कबुलीजबाब देत फिरण्याचं कारण काय?

काही जण म्हणतात, प्रामाणिक माणसाने सगळं आधीच सांगून टाकावं. मला हे पटत नाही. खोटं बोलणं वेगळं आणि गप्प राहणं वेगळं. शिवाय ती माहिती फक्त आपली नाही, भावाचीही आहे. शिक्षा भोगून आलेल्या माणसाचं आयुष्य आपल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये चघळायला देण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? अपवाद आहे, तोही सांगतो. ज्या बँकेची भावाने फसवणूक केली त्याच बँकेत तुम्ही अर्ज करत असाल, किंवा तुमच्या टेबलावर त्याचीच फाइल येणार असेल, तर स्वतःहून सांगा. तिथे नात्याचा कामाशी खरोखर संबंध आहे.

मुलाखतीत कोणी सहज विचारतं, "भाऊ काय करतो?" आज जे करतो ते सांगा. 'दुबईला आहे' असं रचून सांगू नका. ते उघडं पडलं तर शिक्षा भावाच्या गुन्ह्याची नाही, तुमच्या खोटेपणाची होईल. आणि कोणी खोदून विचारलंच, तर शांतपणे म्हणा : "तो आमच्या घरातला विषय आहे. माझ्यावर कोणताही गुन्हा नाही. माझ्या कामाबद्दल विचारा."

पडताळणीत अडकलात तर काय करायचं? मी केलं ते असं. फोनवर वाद घातला नाही, ईमेल लिहिला. नोंदीचा खटला क्रमांक आणि न्यायालय लेखी मागितलं. आरोपीचं नाव आणि वय माझ्याहून वेगळं आहे हे दाखवलं, सोबत आधार आणि दहावीचं प्रमाणपत्र जोडलं. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र काढून दिलं.  अहवाल दुरुस्त झाला आणि मी रुजू झालो. 'तो तुमचा कोण' हे त्यांनी लेखी विचारलं नाही, मीही लिहिलं नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपल्याबद्दलची चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. तोही वाचून ठेवा. आणि आजच एक काम करा : दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते तपासा.

आणखी एक फरक नीट समजून घ्या. अटक म्हणजे शिक्षा नव्हे, खटला म्हणजे दोष नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या तुरुंग अहवालानुसार देशातल्या कैद्यांपैकी सुमारे 75 टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल लागायचा होता असे. तुमच्या चाचांवर खटला चालू असेल तर मोहल्ल्याबरोबर तुम्हीही त्यांना 'गुन्हेगार' म्हणू नका.

मी खोटा दिलासा देणार नाही. सरकारी नोकरीत समान संधीचा हक्क संविधानाच्या कलम 16 ने दिला आहे. त्यात धर्म आणि जातीबरोबर कूळ हा शब्दही आहे. पण हे कलम खासगी कंपनीला लागू होत नाही. तिथे कोणी मनात धरून, कारण न सांगता नाकारू शकतं. आपल्या नावांवर आधीच एक शंका असते, त्यात ही दुसरी. म्हणूनच कागद पक्के ठेवायचे आणि प्रत्येक गोष्ट लेखी मागायची.

एक बोलणं घरच्यांसाठी. शिक्षा झालेल्या मुलाचं नाव रेशन कार्डावरून काढणारी, लग्नाच्या पत्रिकेतून गाळणारी घरं मी पाहिली आहेत. बहिणीच्या नोकरीसाठी, इज्जतीसाठी म्हणून ते करतात. त्याने पडताळणीत काही फरक पडत नाही. वडिलांचं नाव तर तेच राहतं. एकाचं ओझं दुसऱ्याने वाहायचं नाही, हा न्याय आपल्या दीनमध्ये आहे आणि देशाच्या फौजदारी कायद्यातही आहे. भावाच्या गुन्ह्याची लाज तुम्ही वाहू नका, आणि भावालाही टाकू नका.

जेवणानंतर मी मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांचा फॉर्म या कारणाने अर्धवट पडलाय, त्यांनी तो घेऊन या. प्रश्न एकत्र वाचू आणि आजच भरून टाकू.