दारिद्र्याचे लोकशिक्षण : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

दारिद्र्य निर्मूलनाच्या प्रयत्नांत गरिबांची मोजदाद वारंवार होते, परंतु ती मोजदाद कशी होते आणि तिचा अर्थ काय, हे गरिबांना क्वचितच समजावून दिले जाते. जोवर गाव आपल्या दारिद्र्याची कारणे स्वतः मांडू शकत नाही, तोवर योजनांचा लाभ तात्पुरता ठरतो, हे प्रस्तुत व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पुरेशा उष्मांकाचा आहार ज्या खर्चात भागतो तो खर्च ही दारिद्र्यरेषा मानून, 1960-61 च्या किमतींनुसार ग्रामीण भागासाठी ती दरडोई दरमहा 15 रुपये धरली होती. नीती आयोगाने 2021 मध्ये मांडलेला बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतील वंचना एकत्र मोजणारे माप, याहून व्यापक आहे. कारण त्यात पोषण, शाळेतील हजेरी, पिण्याचे पाणी, इंधन अशा 12 बाबी येतात. शेगाव आणि संग्रामपूर तालुक्यांतील खारपाणपट्ट्याचा, म्हणजे भूजल खारे असलेल्या पूर्णा खोऱ्यातील प्रदेशाचा विचार केला, तर केवळ उत्पन्नाच्या आकड्यावरून तेथील वंचना का उमगत नाही, हे ध्यानात येते.

जिल्ह्यातील बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात आणि त्यांची उपजीविका मुख्यतः कोरडवाहू कापूस व सोयाबीनवर अवलंबून आहे. 2006 साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाण्याचा समावेश होता. येथील अल्पभूधारकाचे वर्ष पाहिले म्हणजे कर्जाची साखळी उलगडते. मृगात बियाणे आणि खत कृषी सेवा केंद्रातून उधारीवर येते; पावसाने खंड दिला तर दुबार पेरणीचे कर्ज वाढते; आणि सोयाबीन निघताच घेणेकरी दारात उभा असल्याने, भाव पडलेले असतानाच ओलसर माल खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला विकावा लागतो. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळू शकते. परंतु चार-पाच पोत्यांच्या धन्याला वाहतूक परवडत नाही आणि उधारीही थांबत नाही, म्हणून ही माहिती एकेकट्याच्या उपयोगाची नसून पाच-दहा घरांनी मिळून वापरण्याची आहे.

लोकशिक्षणाचा अर्थ येथे स्पष्ट होतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेबाच्या नोंदी ही पंचसूत्री पाळणारा महिला बचत गट ही अशा शिक्षणाची उत्तम शाळा आहे. कारण कोणी दवाखान्यासाठी, कोणी लग्नासाठी आणि कोणी बियाण्यासाठी कर्ज घेतले हे त्या वहीत एकाखाली एक उतरते, तेव्हा खासगी समजले गेलेले संकट सार्वजनिक कारणांसह दिसू लागते. ही कारणे ग्रामसभेत मांडली गेली, तर पाणी, उपकेंद्र आणि गोदाम यांची मागणी ठोस होते.

महाराष्ट्राचा अनुभव याला पुष्टी देतो. 1972 च्या दुष्काळात राबलेल्या मजुरांच्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या चिंतनातून पुढे आलेली रोजगार हमी 1977 च्या कायद्याने हक्क बनली. तथापि कामाची लेखी मागणी करून पोच घ्यावी लागते, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी तो हक्क कागदावरच राहतो.

म्हणून शाळा, ग्रंथालये, सहकारी संस्था आणि महाविद्यालये यांनी हंगामाच्या आरंभी गावागावांत कर्ज, पीक विमा, तारण आणि रोजगार यांचे हिशेबवर्ग चालवावेत, आणि त्यांत भूमिहीन मजूर, सातपुड्याच्या पायथ्याचे आदिवासी आणि एकल महिला यांना प्रथम स्थान द्यावे. दारिद्र्याची सर्वाधिक झळ ज्यांना बसते, त्यांच्या अनुभवावाचून त्याच्या निवारणाचा कोणताही आराखडा पूर्ण मानता येणार नाही.