दान नव्हे, दायित्व
(मानखुर्द येथील भाषण)



आपल्या वस्तीत कंपन्यांचे नोकर सुटीच्या दिवशी येतात, शाळेच्या भिंती रंगवितात, वह्या वाटतात. त्यांच्या सद्भावनेविषयी मला शंका नाही. परंतु उपकाराच्या ओझ्याने मान खाली घालण्यापूर्वी कायदा समजून घ्या.

कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आहे. मागील वर्षी ज्या कंपनीस पाच कोटी रुपये वा अधिक निव्वळ नफा झाला, तिने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्चिले पाहिजेत. शिक्षण, आरोग्य, झोपडपट्टी-सुधारणा ही कामे त्यांत बसतात. नोकरांच्या श्रमदानाचे मोल मात्र या खर्चात धरता येत नाही, असे केंद्र शासनाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

कंपनीने आपल्या कारभाराच्या परिसरास प्राधान्य द्यावे, असे कायदा म्हणतो. अमुक वस्तीतच खर्च करा, असे म्हणत नाही. म्हणून मागणी आपणच केली पाहिजे. कंपनीच्या संकेतस्थळावरील मंजूर कामांची यादी मुलांकडून वाचून घ्या. अभ्यासिका, दवाखाना यांसाठी मंडळामार्फत लेखी अर्ज करा. पाणी व गटारे मात्र महानगरपालिकेकडेच मागा. कंपनीच्या देणगीने तिचे कर्तव्य संपत नाही.

मिंधे होऊ नका. नागरिक म्हणून मागा.