कॅसेटीतला आजीचा आवाज



आपल्या अमरावती-अकोल्याकडे अजूनही कितीतरी घरांत माळ्यावर जुन्या कॅसेटी पडून आहेत. कुणाच्या कॅसेटीत आजीच्या जात्यावरच्या ओव्या, कुणाच्यात लग्नातली गाणी. टेप बिघडला म्हणून त्या भंगारात देऊ नका. का, ते आज सांगतो.

आधी एक प्रयोग. बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक घ्या. शिवणाची सुई त्यावर एकाच दिशेनं वीस-तीस वेळा घासा. चुंबक दूर ठेवलं तरी सुई टाचणी उचलते. आता साधा खिळा चुंबकाला चिकटवा. तोही टाचण्या धरतो, पण चुंबक काढलं की बहुतेक गळून पडतात. सुईचं पोलाद लक्षात ठेवतं, खिळ्याचं मऊ लोखंड विसरतं. चुंबक गेलं तरी परिणाम मागे राहतो आणि तो पुसायला उलटा जोर लागतो, याला शास्त्रात हिस्टेरिसिस म्हणतात.

गावातल्या डीपीत हा गुण नको असतो. तिथे चुंबकत्वाची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते. दरवेळी जुनं पुसण्यात थोडी वीज जाते आणि तिची उष्णता होते. म्हणून तिथे सिलिकॉन मिसळलेलं, लवकर विसरणारं पोलाद वापरतात.

कॅसेटीला मात्र लक्षात ठेवणारा पदार्थच हवा. फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात. आवाजाच्या चढउताराप्रमाणे ते कमी-जास्त चुंबकित होतात आणि तसेच राहतात. काही बँकांच्या पासबुकामागची काळी पट्टीही याच जातीची. म्हणून पासबुक चुंबकाच्या बटणाच्या पर्समध्ये ठेवू नका.

आपल्या गाडगेबाबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईला बांद्र्यात कीर्तन केलं. २० डिसेंबरला वलगावजवळ ते गेले. पण ते कीर्तन कुणीतरी मुद्रित करून ठेवलं होतं, म्हणून आज बाबांचा आवाज मोबाईलवर ऐकू येतो. आपल्या आज्यांचा आवाज जपायला दुसरं कुणी येणार नाही.

वऱ्हाडातल्या उन्हानं चुंबकाची आठवण पुसत नाही, पण प्लॅस्टिक वाकडं होतं. पावसाळ्यात फितीवर बुरशी येते. म्हणून एवढं करा. कॅसेटी स्पीकर आणि मोटारीपासून दूर, कोरड्या जागी उभ्या ठेवा. वरच्या कडेचे दोन छोटे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. गावात कुणाकडे चालू टेप असेल तर त्याचं हेड स्पिरिटच्या कापसानं पुसून कॅसेट लावा. शांत खोलीत स्पीकरजवळ मोबाईल ठेवून आवाज भरून घ्या. त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. गाणारीचं नाव, गाव आणि साल वहीत लिहा.

येत्या मासिक बैठकीत हप्त्याच्या वहीबरोबर प्रत्येकीनं घरातली एक कॅसेट आणावी. ओव्या ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बाया आहेत, तोवर हे काम करून घेऊ.