‘विशेष’ या शब्दाविषयी थोडेसे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त शिरूर येथील सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमांच्या यादीत ‘विशेष मुलांचा सत्कार’ असा एक कार्यक्रम योजिलेला आहे. ही कल्पना निर्मळ अंतःकरणातून आली आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तथापि त्या शीर्षकातील पहिल्या शब्दाविषयी काही बोलण्याची अनुमती मी मागितली आणि अध्यक्षांनी ती मोठ्या मनाने दिली. मी डॉक्टर नाही, शिक्षकही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर कापडाच्या गादीवर बसलेला मनुष्य आहे. मात्र ‘स्पेशल’ या शब्दाचा व्यापार आम्हा कापडवाल्यांइतका क्वचितच कोणी केला असेल. ‘हा ताका खास तुमच्यासाठी ठेवला होता’ असे आम्ही दिवसातून वीस गिऱ्हाइकांना सांगतो. त्या वाक्याने कापडाचा पोत बदलत नाही, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असते.

दौंडला माझ्या पुतण्याचा मुलगा आहे, म्हणजे नात्याने माझा नातूच. वय चोवीस. तो ऑटिस्टिक आहे. दुकानाचे स्टॉक रजिस्टर आणि जीएसटीची बिले तोच पाहतो. वर्षअखेरीस माल मोजताना एका ताक्याचाही फरक निघत नाही. त्याची परवानगी घेऊनच हे सांगतो आहे. सत्काराच्या यादीत त्याचे नाव सुचविले गेले, तेव्हा त्याने मला मोबाईलवर लिहून पाठविले : “आजोबा, माझे नाव देऊ नका. मी विशेष नाही, ऑटिस्टिक आहे. विशेष म्हटले की लोक माझ्याशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलतात. हिशेब मी लिहितो, पण विचारतात पप्पांना.”

हा केवळ एका मुलाचा हट्ट असावा असे कोणास वाटेल. तसे नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासासाठी ३४७० लोकांची मते घेण्यात आली होती. त्यांत ऑटिस्टिक प्रौढ होते, पालक होते, व्यावसायिकही होते. ऑटिस्टिक प्रौढांपैकी बहुसंख्यांनी ‘ऑटिस्टिक’ हाच सरळ शब्द पसंत केला. व्यावसायिकांचा कल मात्र ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’ या शब्दप्रयोगाकडे होता. त्याच वर्षी अमेरिकेतील मॉर्टन ॲन गर्न्सबाखर यांनी सहकाऱ्यांसह केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एखाद्या व्यक्तीचे वर्णन ‘विशेष गरजा असलेली’ असे केले, तर तिच्या अपंगत्वाचा स्पष्ट उल्लेख करण्यापेक्षाही लोकांचे तिच्याविषयीचे मत अधिक प्रतिकूल होते, असे त्यात आढळले. म्हणजे झाकण्यासाठी घातलेल्या वस्त्रानेच अंग अधिक उघडे पडले.

आपल्या मराठीत या शब्दांचा मोठा प्रवास झाला आहे. गल्लीत ‘वेडा’, ‘खुळा’, सरकारी फलकावर ‘मतिमंद’, पुढे ‘गतिमंद’, आणि मग ‘विशेष’. ज्या मातेने आपल्या लेकरासाठी ‘खुळा’ हा शब्द ऐकला, तिला ‘विशेष’ हा शब्द उन्हातून सावलीत आल्यासारखा वाटला असेल. तिच्याकडून तो हिसकावून घेण्याचा अधिकार मला नाही. २७ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन झाला. विभाग झाला हे उत्तमच. पण नातू म्हणतो, माझ्यात दिव्य काही नाही, मला दिवाळीच्या गर्दीत दुकानात बसवत नाही इतकेच.

‘विशेष’ या शब्दाची दुसरी अडचण व्यवहाराची आहे. २०१४ साली ‘यलो’ हा मराठी चित्रपट आला. पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने त्यात स्वतःचीच भूमिका केली. तिला डाऊन सिंड्रोम आहे. ऑटिझम ही अगदी निराळी गोष्ट, सेरेब्रल पाल्सी त्याहून निराळी. आपण तिन्ही एकाच ‘विशेष’ गाठोड्यात बांधतो. सुती, रेशमी आणि टेरिकॉट एकाच भावाने मोजणारा दुकानदार किती दिवस टिकेल?

‘स्वमग्न’ हा शब्दही तपासून पाहावा. १९११ च्या सुमारास ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने ग्रीक भाषेतील ‘स्वतः’ या अर्थाच्या शब्दावरून ‘ऑटिझम’ हे नाव बनविले. ते त्याने स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणाला दिले होते. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी काही मुलांच्या वर्णनासाठी ते वापरले आणि त्याचेच मराठीत ‘स्वमग्नता’ झाले. आता माझा अनुभव पाहा. आमचा हा ‘स्वमग्न’ नातू दुकानात शिरताच ट्यूबलाइटची गुणगुण ऐकतो, जी मला चाळीस वर्षांत कधी ऐकू आली नाही. कॉलरमागचे लेबल त्याला दिवसभर टोचते, म्हणून त्याच्या सदऱ्यांची लेबले उसवून काढावी लागतात. खळीचे नवे कापड दोनदा धुतल्याखेरीज तो अंगाला लावत नाही. बाहेरच्या जगाचे इतके भान असणाऱ्याला स्वतःत बुडालेला कसे म्हणावे? डेमियन मिल्टन या ब्रिटिश संशोधकाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ मध्ये मांडले की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. त्यांना आपण उमगत नाही, तसे आपल्यालाही ते उमगत नाहीत.

माझ्या वाणिज्य बुद्धीला सर्वात खटकते ते हे, की ‘विशेष’ या शब्दावर कोणतेही कार्यालय हक्क देत नाही. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. ऑटिझम त्यांत नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तो नावानिशी आला. २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांतही तो स्पष्ट आहे. प्रमाणपत्रासाठी चाळीस बाबींची भारतीय मापनपद्धती आहे. परीक्षेत तासामागे किमान वीस मिनिटे जादा मिळतात; निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे; अठरा वर्षांनंतर गरज असल्यास कायदेशीर पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. या प्रत्येक दारावर ‘ऑटिझम’ असेच सांगावे लागते. आपल्यातील काही घरे मुलीच्या सोयरिकीत अडचण नको म्हणून भावाचे प्रमाणपत्रच काढीत नाहीत. मग ‘विशेष’ हा शब्द त्यांना सोयीचा पडतो, आणि आई-वडिलांच्या पश्चात त्या मुलाच्या हाती एक कागदही राहत नाही. हे मी कठोरपणे बोलतो आहे, क्षमस्व. परंतु शाल-श्रीफळाने ही उणीव भरून निघणार नाही.

सर्वांचे मत एक असते असेही नाही. काहींना ‘विशेष’ आवडत असेल. जे बोलत नाहीत, त्यांना चित्रफलकाने किंवा लिहून विचारता येते. विचारावे, मग शब्द ठरवावा.

विश्वस्तांना माझी नम्र विनंती इतकीच. निमंत्रणपत्रिका अद्याप छापून झालेली नाही, तोवर तो मथळा काढावा. सत्कार करायचाच, तर ज्याने जे काम केले त्या कामाचा करावा, आणि ज्याला मंचावर यायचे नाही त्याला आग्रह करू नये. सत्काराचा निधी शिरूर व दौंड येथे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डाचे अर्ज भरून देण्याच्या शिबिरासाठी वापरावा. अर्ज भरण्यास मी स्वतः बसेन. आमचा नातू सामायिकेला नियमाने येतो, कारण अठ्ठेचाळीस मिनिटे शांतता असते आणि ती केव्हा संपणार हे त्याला ठाऊक असते. महोत्सवाच्या दिवशी स्थानकातील मागची एक खोली ध्वनिक्षेपकाविना ठेवली, तर तो त्या दिवशीही येईन म्हणाला आहे. त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, ते मला सभेनंतर कळवावे.

जय जिनेंद्र.