मदत मागितली तर खरी मिळावी



"तू नेमकं करतोस काय?" हे कालपासून बऱ्याच जणांनी विचारलं. संयोजकांनी पाच मिनिटं दिलीत, तेवढ्यात सांगतो.

संगणकावर बटणं नसलेली एक काळी खिडकी असते. तिथे आज्ञा टाइप करायची. आज्ञेमागे आडवी रेघ देऊन बारीकसारीक सूचना जोडतात, त्या म्हणजे ऑप्शन. चहा सांगताना आपण "साखर कमी, आलं घालून" म्हणतो, तसंच. या सूचनांचा अर्थ लावणारा कोड प्रत्येकाने नव्याने लिहू नये म्हणून तयार लायब्ररी असतात. युनिक्सवर गेटऑप्ट होतं. पायथनमध्ये ऑप्टपार्स आलं, मग 2010 साली 2.7 आवृत्तीबरोबर आर्गपार्स. माझं काम या लायब्ररींच्या भोवती चालतं.

खरं दुखणं वेगळंच आहे. प्रोग्राम करतो एक आणि त्याची माहितीपुस्तिका सांगते दुसरंच. एका कंपनीत (नाव कशाला घ्या!) जुन्या फायली साफ करणारी आज्ञा होती. पुस्तिकेत लिहिलेलं, काही न जोडता चालवली तर नुसती यादी दाखवते. कोडमध्ये कुणीतरी ते उलटं केलं, पुस्तिका तशीच राहिली. रात्रपाळीच्या मुलाने पुस्तिका वाचून, म्हणजे अगदी नियमाने, आज्ञा चालवली आणि फायली गेल्या. बॅकअपमधून बहुतेक परत आल्या. बोलणी मात्र त्यालाच बसली. मला ते अजून खटकतं.

आर्गपार्समध्ये ऑप्शन जिथे जाहीर करतो तिथेच त्याचं वर्णन लिहायचं असतं. 'डॅश डॅश हेल्प' म्हटलं की मदतीचा मजकूर तिथूनच तयार होतो. काही न सांगितल्यास काय धरलं जाईल, तेही कोडमधूनच त्यात छापून घेता येतं. जीएनयूचं हेल्पटूमॅन त्याच मजकुरातून मॅन्युअलचं पान बनवतं. 2012 मध्ये आलेल्या डॉकऑप्टने तर उलटी गंगा वाहवली. आधी मदतीचा मजकूर लिहा, तो वाचूनच प्रोग्राम ऑप्शन ओळखेल! कल्पना झकास. पण ऑप्शन आणि वर्णन यांच्यात दोन मोकळ्या जागा सोडायला विसरलात तर वर्णनालाच तो ऑप्शनचा भाग समजतो. म्हणून मोठ्या कामाला मी आर्गपार्सच घेतो.

वर्णनाचं वाक्य मात्र अजून माणसालाच लिहावं लागतं. 'वेग' या ऑप्शनपुढे "वेग ठरवतो" एवढंच लिहिणारे महाभाग रोज भेटतात. प्रश्नच फिरवून उत्तर म्हणून लिहिला की बाई वहीत भोपळा काढायच्या, त्याची आठवण होते. बाई समोरच बसल्यात, हसतायत.

कुणाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर जेवणानंतर मी लॅपटॉप घेऊन आपल्या जुन्या वर्गात बसतोय.