गावाला घर बांधताय? फोटोत काय दिसत नाही ते ऐका

 

गेले सात महिने एपिसोड उशिरा का येतात, हा वीकेंडला गायब का असतो, असं बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं. उत्तर एकच. आम्ही घर बांधायला काढलं होतं. रत्नागिरीजवळ, आमच्या गावी. म्हणून आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज सिमेंट, सळी आणि माझी एक चूक.

तुमच्यातल्या अनेकांचं असंच असेल. आपण पुण्या-मुंबईत, आईबाबा गावाला. पैसे इथून जातात, घर तिकडे उभं राहतं, आणि आपण ते व्हॉट्सॲपवर बघतो. आमच्या ग्रुपचं नाव ‘घर’. बाबा रोज संध्याकाळी फोटो टाकायचे, मी मीटिंगमधून एक हार्ट टाकायचो. मला वाटायचं, माझं लक्ष आहे.

आधी जुन्या घराबद्दल सांगतो. पणजोबांनी बांधलेलं, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. रत्नागिरीत टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान बघितलं असेल, तर उतरत्या छपराचं घर म्हणजे काय ते कळेल. अर्थात आमचं त्यापेक्षा पुष्कळच साधं. पण वाशांना वाळवी लागली होती. दरवर्षी पावसाआधी घर शाकारायचं तर वर चढणारा माणूस मिळेना. बाबा साठीच्या पुढचे, एकदा घसरता घसरता वाचले. तेव्हा ठरलं, नवीन बांधू. भिंती चिऱ्याच्याच, वर स्लॅब.

आजीचा विरोध होता. तिचं म्हणणं, स्लॅबखाली माणूस भाजून निघतो. आणि दुसरा प्रश्न, ‘शिमग्याला पालखी आली की बसवायची कुठे?’ मी म्हटलं, आजी, अंगण आहे ना! ती काही बोलली नाही.

दिवाळीनंतर कौलं उतरवली. जुने चिरे चांगले निघाले, ते मागच्या भिंतीला वापरले. नवे खाणीवरून आले. जांभ्याची गंमत अशी की खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या माणसाने १८०७ सालच्या पुस्तकात या दगडाला लॅटराइट नाव दिलं, विटेच्या लॅटिन शब्दावरून. आमच्या गवंड्याला हे माहीत नव्हतं, पण तो हातोडी मारून आवाजावर चिरा पास-नापास करायचा. बद्द आवाज आला किंवा आत पिवळट मातीचे पट्टे दिसले की चिरा बाजूला. एका ट्रकमधले तीस-पस्तीस तरी परत पाठवले.

मला मात्र घाई. मे संपायच्या आत वरचं झालंच पाहिजे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्याच्या चौपटीहून जास्त. मिरग लागला की बाहेरचं काम ठप्प. मी फोनवर कुरकुर केली की बाबा म्हणायचे, ‘अरे, थिबा राजा १८८६ ला रत्नागिरीत आला, त्याला राजवाडा मिळाला १९१० साली. तू सात महिन्यांना रडतोस?’ आणि १९१६ ला तो गेलासुद्धा. म्हणजे चोवीस वर्षं वाट बघून सहा वर्षं राहिला. शाळेच्या सहलीत तो वाडा शंभरदा बघितला असेल, पण हा हिशोब मी कधी केला नव्हता.

तर आता मुद्द्याचं. शिमग्याला मी घरी गेलो. परवा स्लॅब ओतायचा, असं ठरलेलं. मिक्सर सांगून ठेवलेला, माणसं सांगून ठेवलेली. मी शिडीवरून वर चढलो. सळ्यांची जाळी छान बांधली होती. आदल्या दिवशी तिचाच फोटो आला होता आणि मी त्याला हार्ट दिला होता.

खाली वाकून बघितलं तर जाळी सरळ फळ्यांवर टेकलेली. मध्ये कव्हर ब्लॉकच नाहीत.

कव्हर ब्लॉक म्हणजे सिमेंटचे छोटे ठोकळे. सळी त्यांच्यावर उचलून ठेवायची, म्हणजे काँक्रीट तिच्या खालूनही जातं. सळी फळीला टेकलेली असेल तर फळी काढल्यावर ती जवळजवळ उघडीच राहते. आमच्याकडे समुद्र जवळ, हवेत खार. सळी गंजते, गंजली की फुगते, फुगली की काँक्रीटचे पोपडे पाडते. काही वर्षांनी छताखाली लाल डाग आणि पडलेले तुकडे दिसतात ना, बऱ्याचदा त्यामागे हेच असतं. आमच्या ड्रॉइंगवर ३० मिलिमीटर कव्हर स्पष्ट लिहिलं होतं.

मी बाबांना विचारलं, तुम्ही बघितलं नाहीत?

बाबा म्हणाले, ‘दिसत होतं रे. मलाही खटकलं. पण त्याला कुठल्या तोंडाने सांगू?’

कॉन्ट्रॅक्टर गावातलेच. आजीला मध्यरात्री हॉस्पिटलात न्यायचं होतं तेव्हा त्यांनीच गाडी काढली होती. मी पुण्याला निघून जाणार, बाबांना रोज त्याच रस्त्याने जायचंय. हे माझ्या एक्सेल शीटमध्ये कुठेच नव्हतं.

मग मी काय केलं? जे आपण इंजिनिअर लोक करतो तेच. मोबाईलवर ड्रॉइंगचं पीडीएफ उघडलं आणि सगळ्या माणसांसमोर त्यांना दाखवलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, ‘वीस वर्षं घरं बांधतोय. तुम्हाला जास्त कळतं तर तुम्हीच बांधा.’ आणि गाडीला किक मारून गेले.

रात्री घरात कोणी फारसं बोललं नाही. आम्ही तेव्हा मागच्या मांगरात राहत होतो, पाचजण एका खोलीत. बाबा एवढंच म्हणाले, ‘बरोबर होतास, पण चारचौघांत नको होतं.’

सकाळी आई उठून त्यांच्या घरी गेली. काय बोलली ते तिने नंतर सांगितलं. ती म्हणाली, ‘भावोजी, पोराचं बोलणं मनावर घेऊ नका. मला फक्त एवढं सांगा, ही सळी फळीला टेकलीय, ती तशीच राहणार की उचलणार?’ ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘उचलायला हवी, वहिनी.’

दुपारी तेच रत्नागिरीतून कव्हर ब्लॉक घेऊन आले. स्लॅब एक दिवस पुढे गेला. खर्च म्हणाल तर, आमच्या एका पुणे-रत्नागिरी फेरीपेक्षा कमी!

स्लॅब ओतताना आई मिक्सरपाशी खुर्ची टाकून बसली. माल घट्ट वाटला की माणसं पाणी वाढवतात, पसरायला सोपं जातं. पण पाणी वाढलं की ताकद घटते. आई काही बोलायची नाही, फक्त पाण्याच्या बादल्या मोजायची, मोठ्याने. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर मसाल्याची आळी करून पाणी भरलं, माडाला करतो तशीच. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसी असेल तर किमान दहा दिवस ओल ठेवावी लागते. आमचं पीपीसी होतं. आईने चौदा दिवस ठेवली.

आणि त्याच दिवसांत पालखी आली. अंगणात सगळीकडे खडी, वाळू, टेकूचे वासे. आजीचा प्रश्न मला तेव्हा कळला. आदल्या रात्री बाबा आणि मी फावडी घेऊन जागा करायला लागलो. थोड्या वेळाने बॅटरीचा उजेड दिसला. कॉन्ट्रॅक्टर दोन माणसं घेऊन आले होते. न बोलता खडी बाजूला केली. सकाळी पालखी आली तेव्हा तिला खांदा द्यायलाही तेच होते. आजीने ओटी भरली. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘काय इंजिनिअर, आज काय चेक करायचंय?’ मी माफी मागितली. ते हसले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. पण एक राहिलं. खिडक्या-दारांवरची लिंटेल मी यायच्या आधीच ओतून झाली होती. त्यात कव्हर ठेवलं होतं का? फोटो आहेत माझ्याकडे, झूम करून करून बघितले, कळत नाही. एका इंजिनिअरना बोलावलं. एका ठिकाणी काँक्रीट पोकळ राहिलं होतं, ते फोडून दुरुस्त केलं. बाकीच्यांबद्दल ते म्हणाले, ‘लक्ष ठेवा, तडे किंवा गंजाचे डाग दिसले तर लगेच कळवा.’ त्या फोटोंवरही माझे हार्ट आहेत.

म्हणून, ज्यांचं काम चालू आहे त्यांना सांगतो. जे झाकलं जाणार आहे ते झाकायच्या आधी बघा. रंग, टाइल्स नंतर बदलता येतात, पाया आणि सळी नाही. प्रत्येक ओतकामाच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा आणि घरच्या कोणीतरी, किंवा पैसे देऊन एखाद्या इंजिनिअरने, प्रत्यक्ष जाऊन बघावं. फोटो मागायचाच असेल तर ‘काम दाखवा’ म्हणू नका, ‘सळीच्या खाली टेप लावून फोटो काढा’ म्हणा. सळीचं वजन तपासायचं तर सोपं आहे. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. १२ मिलिमीटरची १२ मीटर सळी साधारण पावणेअकरा किलो भरायला हवी. भिंतीत पाइप आणि वायर गाडायच्या आधी टेप लावून फोटो काढून ठेवा, पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडेल. हप्ते तारखेवर देऊ नका, तपासून झालेल्या टप्प्यावर द्या, आणि हे काम सुरू व्हायच्या आधी बोला, गोडीत. आणि चूक दिसली तर माणसाला बाजूला घेऊन विचारा. पीडीएफ खिशात ठेवा.

सध्या हे मी नव्या घरातूनच रेकॉर्ड करतोय. मागे आवाज येतोय तो पावसाचा. स्लॅब गळला नाही. पश्चिमेच्या खिडकीतून झड मात्र आत येते, छज्जा अर्धा फूट कमी पडला. आजीने त्या खिडकीला बाहेरून माडाचा झाप बांधून घेतलाय आणि पडवीत बसून सगळ्यांना सांगतेय, ‘मी सांगितलं होतं.’ हे तिने खरंच सांगितलं होतं का, आठवत नाही. वाद कोण घालणार!

तुमच्या घराच्या बांधकामात काय झाकलं गेलं, काय वेळेत सापडलं, व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवेन. तोवर काळजी घ्या, आणि आज घरी फोन करा. भेटू!